विशेष शाळा आणि ‘शांत खोली’: कोल्हापूरच्या पालकांकडून वारंवार येणारे प्रश्न

माझा मुलगा स्वमग्न आहे, म्हणजे त्याला ऑटिझम आहे, आता १४ वर्षांचा. तो ८ वर्षांचा असताना एका विशेष शाळेत त्याला सामानाच्या खोलीत कोंडलं जायचं, आणि आम्हाला जवळजवळ दोन महिने या गोष्टीचा पत्ताच नव्हता. तेव्हापासून राजारामपुरीपासून गारगोटीपर्यंतचे पालक मला प्रश्न पाठवतात. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवते आहे. शाळांची नावं घेणार नाही, चांगल्या शाळांचीही नाही. शाळा माणसांवर चालते आणि माणसं बदलतात.

१. मुलाचं निदान झालंय. आता विशेष शाळाच घ्यावी लागते का?

नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ च्या कलम ३१ प्रमाणे ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ते घराजवळच्या शाळेत घ्यायचं की विशेष शाळेत, हे मुलाने, म्हणजे व्यवहारात तुम्ही ठरवायचं. सरकारी किंवा मान्यताप्राप्त शाळा ‘असली मुलं आम्ही घेत नाही’ म्हणू शकत नाही, ते कलम १६ मध्ये आहे. टक्केवारीची तपासणी आपल्याकडे सीपीआर या सरकारी रुग्णालयात होते, यूडीआयडीचा, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्राचा, अर्ज आधी ऑनलाइन भरून जा.

माझं मत विचाराल तर पाटीवर ‘विशेष’ लिहिलंय की नाही याला फार महत्त्व देऊ नका. मूल किंचाळायला लागलं की तिथली मोठी माणसं काय करतात, त्यावर शाळा ठरवा.

२. शाळेत ‘शांत खोली’ आहे म्हणाले. म्हणजे नेमकं काय?

या एका नावाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी चालतात.

एक असतो शांत कोपरा. तिथे सतरंजी, उशा, कमी उजेड, कानावर लावायला आवाज अडवणारे हेडफोन. मूल गोंगाटाने बेजार झालं की तिथे जातं, कुणीतरी ओळखीचं सोबत बसतं, आणि बरं वाटलं की मूल आपणहून बाहेर येतं. असा कोपरा प्रत्येक शाळेत हवा, साध्या शाळेतसुद्धा.

दुसरी असते कोंडण्याची खोली. तिला ‘शांत खोली’, ‘टाइम आउट’, ‘थेरपी रूम’ काहीही म्हणोत. मूल आत एकटं, दार बाहेरून बंद, आणि ते कधी उघडायचं हे बाहेरचा माणूस ठरवतो. दाराला कडी नसली तरी कुणी पाठ लावून दार दाबून धरत असेल, तर तेही कोंडणंच.

फरक ओळखायला नाव बघू नका, कडी कुठल्या बाजूला आहे ते बघा. मूल स्वतःच दार लावून घेत असेल, तर प्रश्न १३ पाहा.

३. शाळेला असं कोंडायचा कायद्याने अधिकार आहे का?

नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींना बंदी आहे. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये तर वर्गात, ग्रंथालयात, स्वच्छतागृहात किंवा शाळेतल्या कुठल्याही बंद जागेत मुलाला अडकवून ठेवणं हे शारीरिक शिक्षेतच धरलं आहे. शिक्षण हक्क कायदा ६ ते १४ वयासाठी. बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७५ मात्र १८ वर्षांखालच्या प्रत्येक मुलाला लागू आहे. मुलाशी क्रूरपणे वागणारी व्यक्ती मूल सांभाळणाऱ्या संस्थेतली असेल, तर ५ वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि ५ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. बेकायदा कोंडून ठेवणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम १२७ खाली स्वतंत्र गुन्हाही आहे.

शाळेत बोलताना मी आणखी एक गोष्ट सांगते. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ९७ ने मानसिक आजाराच्या रुग्णाला एकट्याला कोंडून ठेवायला साफ मनाई केली आहे. तो कायदा शाळांसाठी नाही आणि बौद्धिक अक्षमता त्याच्या व्याख्येतही येत नाही. पण मनोविकारतज्ज्ञ, परिचारिका, औषधं सगळं हाताशी असलेल्या रुग्णालयाला जे करता येत नाही, ते ८ वर्षांच्या पोराच्या बाबतीत शाळेने कुठल्या तोंडाने करायचं?

४. ‘आमचं पोरगं लई चावतंय, बाईंच्या हाताला टाके पडले.’ मग शाळेनं करायचं तरी काय?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. टाके पडलेल्या बाईंचं दुखणंही खरं आहे. त्यांना ‘समजून घ्या’ एवढंच सांगून भागत नाही.

आधी प्रसंग घडत असतानाचं. त्या मुलाला ओढत बाहेर नेण्याऐवजी बाकीच्या मुलांना बाहेर न्या. नव्वद टक्के ओढाताण आणि चावे त्या नेण्यातच होतात, असं मला एका जुन्या विशेष शिक्षिकेनं सांगितलं होतं, आणि माझाही अनुभव तोच. टणक, फेकता येण्यासारख्या वस्तू बाजूला करा. एकाच माणसाने बोलायचं, तेही दोन-तीन शब्द. हातभर अंतर ठेवून थांबायचं आणि दार उघडं ठेवायचं.

पण खरं काम दोन प्रसंगांच्या मधल्या दिवसांत होतं. वहीत तीन रकाने आखा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. वेळ घड्याळात बघून लिहा. माझा मुलगा नव्या शाळेत रोज सकाळी हात उगारायचा. सगळ्यांना वाटे, गणित नको असतं म्हणून. नोंदी ठेवल्यावर आठव्या दिवशी उलगडलं की वर्गाच्या मागे पिठाची गिरणी आहे आणि ती साडेअकराला सुरू होते. आम्हाला तो आवाज ऐकूच येत नव्हता, त्याला मात्र तो दाढेत शिरत होता. मग ११.२५ ला त्याला अंगणात झाडांना पाणी घालायला न्यायला सुरुवात केली. महिन्याभरात हात उगारणं जवळजवळ थांबलं.

बोलता न येणाऱ्या मुलाच्या बाबतीत आधी दुखणं तपासा. कानदुखी, किडलेली दाढ, बद्धकोष्ठ. दाढ ठणकत असलेलं मूल चावतं, त्याला शिस्त कसली लावायची?

५. पण कोंडल्यावर तो शांत होतो, हे आम्ही डोळ्यांनी पाहिलंय.

होतो. रडून, दार बडवून थकतो आणि गप्प बसतो. ते शांत होणं नाही.

आणि त्यातून तो शिकतो काय? ज्याला वर्गातलं काम नको आहे, त्याला कळतं की चावलं की काम सुटतं. म्हणजे खोली त्याला चावायलाच शिकवते. ज्याला एकटेपणाची भीती आहे, तो पुढच्या वेळी खोलीकडे नेताना जिवाच्या आकांताने झटतो, आणि शाळा म्हणते ‘बघा, किती हिंसक झालाय’.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बौद्धिक अक्षमता, सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं), स्वमग्नता असलेल्या मुलांमध्ये फिट येण्याचं प्रमाण इतर मुलांपेक्षा बरंच जास्त असतं. बंद खोलीत एकट्या मुलाला फिट आली तर त्याला कुशीवर वळवायला कुणी नसतं. मुलाला फिटचा त्रास असेल, तर ‘याला एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही’ असं डॉक्टरांकडून लिहून घ्या आणि शाळेला देऊन पोच घ्या.

६. शाळा बघायला गेल्यावर काय विचारू? शिक्षक रागावणार नाहीत ना?

चांगले शिक्षक रागावत नाहीत. उलट कुणीतरी विचारलं याचं त्यांना बरं वाटतं.

‘तुम्ही मुलांना कोंडता का?’ असं विचारू नका, सगळे नाहीच म्हणतात. ‘मागच्या वेळी एखादं मूल बेभान झालं तेव्हा तुम्ही काय केलंत?’ असं विचारा. खरं काम करणारी बाई लगेच एखादा प्रसंग सांगते, स्वतः कुठे चुकली तेही सांगते. ‘आमच्याकडे असं होतच नाही’ हे उत्तर आलं तर सावध व्हा.

प्रार्थनेच्या वेळी जाऊ नका, तेव्हा सगळीच शाळा गुणी असते. डबा खायच्या आधीचा अर्धा तास निवडा. सगळ्या खोल्या दाखवा म्हणा, जिना, सामानाची खोली, स्वच्छतागृहसुद्धा. दारांच्या बाहेरच्या कड्या आणि आतल्या बाजूचे ओरखडे बघा. मावशींशी दोन शब्द बोला, मुलं आवरायचं काम बहुतेक वेळा त्यांच्याच अंगावर पडतं. रिक्षावाल्या काकांनाही विचारा, मूल फाटकातून कुठल्या चेहऱ्याने बाहेर येतं ते त्यांना रोज दिसतं.

कागद दोनच बघायचे. शाळेचं नोंदणी प्रमाणपत्र, कारण २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५० प्रमाणे नोंदणीशिवाय अशी संस्था चालवता येत नाही. आणि शिक्षकांचा भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक.

७. प्रवेश अर्जात ‘वर्तन नियंत्रणासाठी आवश्यक ते उपाय करण्यास संमती’ असं होतं आणि आम्ही सही केली. आता अडकलो का?

नाही. तुमच्या सहीने बेकायदा गोष्ट कायदेशीर होत नाही. तरीही एक पत्र द्या, साधंच: ‘प्रवेश अर्जातील वर्तन नियंत्रणाच्या संमतीचा अर्थ आमच्या पाल्यास एकटे बंद ठेवणे, बांधणे किंवा खाणे-पिणे रोखणे असा घेऊ नये. अशा कोणत्याही गोष्टीस आमची संमती नाही. पाल्य अस्वस्थ झाल्यास आम्हाला त्याच दिवशी लेखी कळवावे.’ दोन प्रती काढा, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टाने पाठवा.

८. मूल बोलत नाही. कोंडतात हे कळणार कसं?

मूल अंगाने सांगतं. नखं तुटलेली, बोटांचे सांधे सोललेले, घरी येताना आवाज बसलेला, पँट वारंवार ओली. रिक्षा दिसली की बूट लपवणं. पूर्वी नव्हती ती अंधाराची भीती.

माझ्या मुलाने बाथरूमचं दार लावू देणं बंद केलं. आधी मला तो नवा हट्ट वाटला. मग एकदा वाऱ्याने स्वयंपाकघराचं दार आपटलं आणि तो कानांवर हात ठेवून मोरीत जाऊन बसला. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, आणि त्याआधीच्या दोन महिन्यांत मी त्याच्यावर ‘दार लाव’ म्हणून किती ओरडले होते तेही आठवलं.

मुलाशी बोलायला चित्रं वापरत असाल तर त्यांत शाळेतल्या जागांचे फोटो ठेवा आणि मुलाला हाताळू द्या. ‘तुला इथे कोंडलं ना?’ असं मात्र विचारू नका. आपली मुलं आपल्याला आवडेल ते उत्तर देतात आणि पुढे चौकशीत तेच तुमच्यावर उलटतं.

यातली एखादी खूण म्हणजे पुरावा नव्हे. तीन-चार एकत्र दिसल्या तर मात्र थांबू नका.

९. कळलं. आता पहिल्या दिवशी काय करू?

अंगावर खुणा असतील तर फोटो आणि डॉक्टरांची तपासणी त्याच दिवशी, कागदावर तारखेसह. शाळेत सीसीटीव्ही असेल तर ‘अमुक तारखेचं चित्रण जपून ठेवा’ असं पत्र लगेच द्या, कारण जुन्या चित्रणावर नवं चढत जातं. मग मुख्याध्यापकांना भेटा, एकटे जाऊ नका. मावशींवर ओरडू नका. बहुतेकदा कडी त्यांनी लावलेली असते, पण लावायला सांगितलेलं असतं दुसऱ्याने. पुढे खरं सांगणारी साक्षीदारही त्याच असतात.

मुलाला दुसऱ्या दिवशी शाळेत पाठवायचं का? मी पाठवलं नाही.

१०. तक्रार कुठे करायची?

तातडीचं असेल तर १०९८ ही चाइल्डलाइन किंवा ११२. नाहीतर जिल्हा परिषदेचा समाजकल्याण विभाग आणि जिल्ह्याची बालकल्याण समिती, दोन्हीकडे एकाच वेळी अर्ज द्या. दिव्यांग व्यक्तीवर अत्याचार होत असल्याची माहिती कुणीही कार्यकारी दंडाधिकाऱ्यांना देऊ शकतं, ते २०१६ च्या कायद्याच्या कलम ७ मध्ये आहे. म्हणजे शेजारीसुद्धा तहसील कार्यालयात अर्ज देऊ शकतात. राज्याच्या दिव्यांग आयुक्तांचं कार्यालय पुण्यात आहे. साक्षीदार बोलावणं, कागदपत्रं मागवणं याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार त्यांना आहेत.

वकील परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मुलांना आणि दिव्यांगांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. प्रकरण उच्च न्यायालयात न्यायची वेळ आलीच, तर ऑगस्ट २०२५ पासून सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच आहे. मुंबईच्या खेपा वाचल्या.

११. तक्रार केली तर नाव काढून टाकतील. दुसरी शाळा कुठे आहे?

ही भीती मला कळते. शाहूवाडी, राधानगरीकडच्या आईला तर शाळा बदलणं म्हणजे गाव सोडणं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ प्रमाणे आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. ‘तुम्हीच दाखला मागा’ असं तोंडी सुचवलं जातं, तेव्हा दाखल्याच्या अर्जावर सही करू नका आणि ‘काढायचं असेल तर कारण लेखी द्या’ म्हणा. सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा हुकूम शाहू महाराजांनी १९१७ सालीच काढला. त्याच गावात आपल्या लेकरासाठी शाळेकडे गयावया करायची वेळ यावी, याचा मला अजून राग येतो.

आम्ही शेवटी शाळा बदलली. तक्रार मात्र मागे घेतली नाही. शक्य असेल तर एकट्याने न करता दोन-तीन पालकांनी मिळून करा, एकाच मुलाला कोंडतात असं सहसा नसतं.

१२. निवासी शाळेत रात्री मुलं पळून जाऊ नयेत म्हणून कडी लावतात. तेही चूक का?

बाहेरच्या फाटकाला कुलूप आणि तिथे जागा माणूस, हे ठीक. झोपायच्या खोलीला बाहेरून कडी आणि माणूस दुसऱ्या मजल्यावर, हे कधीच नाही.

६ ऑगस्ट २००१ ला तामिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या आश्रमाला आग लागली. साखळदंडांनी बांधून ठेवलेल्या माणसांना पळता आलं नाही, २८ जण गेले. आपल्याकडे आगीइतकीच पाण्याची भीती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी कसं चढत गेलं ते आपण पाहिलंय. निवासी शाळा बघाल तेव्हा विचारा: रात्री मुलांसोबत किती माणसं झोपतात, किल्ली कुणाच्या उशाशी असते, आणि पूर आला तर मुलांना नेमकं कुठे न्यायचं ठरलंय?

१३. माझी मुलगी स्वतःच खोलीत जाते आणि दार लावून घेते. शाळेने तिला अडवावं का?

नाही. एकटं बसावंसं वाटणं हा तिचा हक्क आहे. अट एवढीच की बाहेरूनही उघडता येईल अशी खिटी हवी, कुणीतरी आसपास हवं आणि दर काही मिनिटांनी डोकावायला हवं. ती रोज तासन्‌तास तिथेच असेल, तर वर्गात तिला काय सोसत नाही ते शोधा, प्रश्न ४ मधल्या वहीसारखं.

१४. हात धरणं, मिठीत घट्ट पकडणं हेसुद्धा अत्याचारात येतं का?

मूल रस्त्यावर धावलं तर पकडायचंच, त्यात विचार कसला. धोका टळला की लगेच सोडायचं. पालथं पाडून पाठीवर बसणं किंवा छातीवर भार देणं मात्र कधीही नाही, त्यात श्वास कोंडून मूल दगावू शकतं. खुर्चीला ओढणीने बांधणं ‘सुरक्षेसाठी’ म्हणून चालवून घेऊ नका. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाची तज्ज्ञांनी सुचवलेली पट्ट्यांची खुर्ची वेगळी. ती बसायला आधार म्हणून असते, शिक्षा म्हणून नाही, आणि ती किती वेळ वापरायची हे थेरपिस्टने लिहून दिलेलं असतं.

१५. अमेरिकेतही अशा खोल्या असतात म्हणे. मग ती आधुनिक पद्धत नाही का?

असतात, आणि तिथले पालक त्याविरुद्धच वर्षानुवर्षं लढताहेत. तिथल्या शिक्षण खात्याच्या आकडेवारीनुसार २०१७-१८ मध्ये सुमारे १ लाख २ हजार विद्यार्थ्यांना शाळेत जखडून धरलं किंवा कोंडलं गेलं, आणि कोंडलेल्यांपैकी ७७ टक्के दिव्यांग होते. जॉर्जिया राज्यात २००४ साली १३ वर्षांच्या मुलाने अशा खोलीतच जीव दिला. इलिनॉय राज्यात पत्रकारांनी शाळांच्या स्वतःच्या नोंदी मिळवल्या, दीडएक वर्षातल्या २० हजारांहून जास्त प्रसंगांच्या. कितीतरी वेळा मुलाकडून कुणाला धोका नव्हताच. काम केलं नाही, उलट बोललं, एवढ्यावर कोंडलं होतं. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये ते छापून आलं आणि राज्याने लगेच तातडीचा आदेश काढून असं एकट्याला कोंडणं थांबवलं. देशभर बंदी घालणारा कायदा मात्र तिथे अजून झालेला नाही.

त्या शाळांना निदान प्रसंग लिहून ठेवावे लागत होते, म्हणून ते उघडकीला आले. तुमच्या शाळेत अशी नोंदवही आहे का, विचारा.

१६. खरं सांगू का, घरी आम्हीच त्याला खोलीत बंद करतो. मग शाळेला कुठल्या तोंडाने बोलू?

हा प्रश्न रात्री अकरानंतर येतो, आणि बहुतेक वेळा आईकडून. घरात सासू अंथरुणाला खिळलेली, नवरा एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला, गॅसवर दूध, आणि मूल खिडकीवर चढलेलं. मी कुणालाही दोष देत नाही. मीही केलंय.

शाळेला बोलायचा तुमचा हक्क त्याने जात नाही. शाळेत चार माणसं असतात, शिकलेली असतात आणि त्याच कामाचा पगार घेतात.

घरी मात्र बदल करा. खोलीऐवजी स्वयंपाकघर अडवा: कमरेएवढं अर्धं दार बसवा, म्हणजे मुलाला तुम्ही दिसता आणि तुम्हाला मूल. खिडक्यांना जाळी, सिलेंडर खाली बंद करायची सवय. झोप नसेल तर डॉक्टरांना झोपेबद्दल स्वतंत्रपणे विचारा, रात्र सुधारली की दिवस बराच सुधारतो. संध्याकाळचा एक तास कुणाकडे तरी मागा, जाऊ, भाऊ, शेजारची कॉलेजात जाणारी मुलगी, आणि तो तास आठवड्याच्या वारांवर ठरवून टाका. नुसतं ‘कधीतरी ये’ म्हटलं तर कुणी येत नाही. आमच्याकडे मंगळवार आणि शनिवार माझा भाऊ येतो. मुलाला रंकाळ्यावर फिरवून आणतो, आणि तेवढ्या वेळात मी भाकरी करते.